शोभेल असं हॉटेल

भोसरी सोडली, मोशी मागे टाकली आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला, की महाराष्ट्रात एकंदर किल्ले किती याचा हिशेब चुकायला लागतो. इतिहासाच्या पुस्तकात या टापूत नाव घेण्याजोगा भुईकोट एकच, चाकणचा संग्रामदुर्ग. रस्त्याच्या दुतर्फा मात्र थोड्याथोड्या अंतरावर एकेक किल्ला उभा. बुरुज प्लास्टरचे, तोफा फायबरच्या, दरवाज्यावर हत्तीची धडक अडवणारे अणकुचीदार खिळे आणि त्या खिळ्यांच्या बरोबर खाली 'ढकला' अशी पाटी. आत गेलात की फेटेवाला मावळा अदबीने पुढे येतो आणि 'पाणी साधं की बिसलेरी?' असं विचारतो.

खरा किल्ला चाकण गावातच आहे. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेपुढे तो छप्पन्न दिवस झुंजवला. डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा कोट. आत मूठभर माणसं आणि बाहेर मोगलांचा समुद्र. शेवटी खानाने भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला, तेव्हा कुठे किल्ला पडला. आज तिथे तटाबुरुजांचे अवशेष आहेत. रविवारी दुपारी या खऱ्या किल्ल्यात जेवढी माणसं दिसतात, त्याच्या दसपट माणसं खोट्या किल्ल्याबाहेर आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघत बसलेली असतात. आता यात दोष खऱ्या किल्ल्याचाच म्हणायचा. तिथे मिसळ मिळत नाही.

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध बंद पडलेल्या खात्यांपुरता. तरीही गेले दोन महिने मी हॉटेलांच्या इतिहासात बुडालो आहे, आणि त्याचं श्रेय आमच्या मेहुण्यांना आहे.

मेहुण्यांनी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पॉवर प्रेसवर काढली आणि मग ते चाकणकडच्या वडिलोपार्जित चार एकरांकडे वळले. आजूबाजूच्या जमिनी कारखान्यांना गेल्या होत्या. मेहुण्यांनी आपली राखली आणि तिच्यावर 'शिवकालीन खेडं' वसवलं. कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, चुलीवरची भाकरी, बैलगाडीची फेरी. शहरातली मुलं येतात, बैलाला हात लावतात आणि 'हा खरा आहे!' असं ओरडतात. धंदा बरा चालतो. आता त्यांना त्याच जागेत मुक्कामाचं वीस खोल्यांचं हॉटेल बांधायचं आहे.

इथे भाचीचा प्रवेश होतो. भाची आर्किटेक्ट आहे. घरात आर्किटेक्ट असला की आराखडा फुकट मिळतो हे खरं, पण भांडणालासुद्धा तज्ज्ञ मिळतो. वडिलांनी तिच्याकडे गोमुखी दरवाजा, चार बुरूज आणि एक नगारखाना मागितला. तिने काढून आणलं उघड्या काँक्रीटचं, एका अंगावर कललेलं, जमिनीपासून दहा फूट अधांतरी तोललेलं काहीतरी. मेहुणे त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"पंक्चर झालेला कंटेनर जॅकवर चढवलाय," ते म्हणाले. "दाजी, तुम्हीच सांगा, माझ्या खेड्याला हे शोभेल का?"

मला विचारण्याचं कारण माझं सौंदर्यज्ञान नव्हे. कर्जाचा अर्ज आमच्या शाखेत यायचा होता. मंजुरी देणारे साहेब वेगळे आणि मी नुसता कागद पुढे सरकवणारा, पण नातेवाइकांच्या लेखी अख्खी बँक माझ्या खिशात असते.

भाचीने पहिला दाखला थेट अमेरिकेतून काढला. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. परीकथेतला राजवाडा, जुन्या वळणाचे रस्ते, सगळा कारभार नियोजनबद्ध खोटा. आणि या सगळ्याच्या शेजारी पहिल्या दिवसापासून उभं असलेलं हॉटेल कसलं? तर तिरक्या भिंतींचं, तंबूसारखं, काँक्रीट आणि पोलादाचं, आणि त्याच्या पोटातून चक्क एकरुळी आगगाडी जाते! खोल्या तर तिथल्या पोलाद कंपनीने जवळच्या कारखान्यात आख्ख्याच्या आख्ख्या तयार केल्या आणि क्रेनने उचलून सांगाड्यात बसवल्या, कपाटात ड्रॉवर सरकवावेत तशा.

"खोली कारखान्यात केली?" मेहुण्यांमधला प्रेस ऑपरेटर एकदम जागा झाला. "टॉलरन्स किती धरला असेल हो?" त्या दिवसापुरतं सौंदर्यशास्त्र मागे पडलं.

पण खरी गंमत पुढे आहे. या डिस्नेवाल्यांचा एक नियम असा, की एका देखाव्यात उभ्या असलेल्या माणसाला दुसरा देखावा दिसता कामा नये. आपल्या नाटकात विंगेतला चहावाला प्रेक्षकाला दिसू नये, तसंच. १९८२ साली त्यांनी एका तळ्याभोवती निरनिराळे देश मांडले. १९८४ मध्ये त्यात मोरोक्को आला. त्याच्यासाठी मोरोक्कोच्या राजाने स्वतःचे कारागीर पाठवले होते. पुढे १९९४ मध्ये शेजारच्या बागेत भुताटकीचं एक उंच पडकं हॉटेल उभारलं, तेव्हा लक्षात आलं की त्याचा माथा मोरोक्कोच्या मागून डोकावणार. म्हणून त्या भुताच्या हॉटेलचा रंग आणि कळस मोरोक्कोला साजेसा केला. केवढी ही शेजाऱ्याची अदब! आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे ओले कपडे खाली टपकू नयेत एवढीही कोणी घेत नाही.

आणि याच काटेकोर माणसांच्या आवारात १९९० साली 'हंस' आणि 'डॉल्फिन' अशी दोन हॉटेलं उभी राहिली. शिल्पकार मायकेल ग्रेव्हज. चहाचं पाणी उकळलं की तोटीवरचा लाल पक्षी शीळ घालतो, अशी एक किटली आहे ना, ती याच गृहस्थांची, १९८५ ची. किटलीवर पक्षी बसवणारा माणूस हॉटेलवर काय बसवणार? एका छपरावर ४७ फुटी हंस, दुसऱ्यावर ५६ फुटी मासे. मासेच म्हणायला हवेत, कारण युरोपातल्या जुन्या कारंज्यांवरच्या डॉल्फिनचा खऱ्या डॉल्फिनशी संबंध असतो तो आपल्या मंदिरातल्या सिंहाचा खऱ्या सिंहाशी असतो तेवढाच. ही जोडगोळी त्या देशोदेशींच्या तळ्यावरून स्पष्ट दिसते. माणूस युरोपच्या गल्लीत कॉफी पीत बसावा आणि झाडांवरून हंसाने मान काढावी! शौकीन लोक तेव्हापासून आजतागायत भांडताहेत. एक पक्ष म्हणतो, देखाव्याचा सत्यानाश झाला. दुसरा म्हणतो, देखावा कुठे खरा होता?

"मी तेच म्हणतेय, मामा," भाची म्हणाली. "बाबांच्या शिवकालीन खेड्याच्या मागे टॉवर क्रेन दिसते. डावीकडे हायटेन्शनच्या तारा. बैलगाडीच्या फेरीत दोन कंटेनर ट्रेलर आडवे येतात. आणि न शोभणारं काय, तर माझं हॉटेल!"

यावर मेहुणे म्हणाले, की अमेरिकेचं आपल्याला काय सांगतेस, इथलं सांग. हे मात्र मला पटलं. म्हणून मी मुंबईपासून सुरुवात केली.

ताजमहाल हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. त्याच्या शेजारी बहुमजली टॉवर आला १९७३ साली, म्हणजे बरोब्बर सत्तर वर्षांनी. घुमटांची ती भरजरी सासू आणि तिच्या शेजारी उभी राहिलेली ही उंच, सडसडीत सून. 'गेटवेच्या परिसराला हे शोभत नाही' असं आजही ऐकू येतं. मी वहीत तारखांची बेरीज-वजाबाकी केली तेव्हा वेगळीच गोष्ट निघाली. गेटवेचं उद्घाटन १९२४ सालचं. म्हणजे ज्या ऐतिहासिक परिसराला हॉटेलने शोभावं म्हणतात, तो परिसरच हॉटेलच्या नंतर एकवीस वर्षांनी आला! आधी भाडेकरू राहायला यावा, मागाहून वाडा बांधावा आणि वर भाडेकरूला म्हणावं, तू वाड्याला शोभत नाहीस. बरं, गेटवेने तरी ढंग कुठला घेतला? विटेट साहेबांनी त्याला सोळाव्या शतकातल्या गुजरातेतल्या इमारतींची वळणं दिली. ताजमध्ये तर देशोदेशींच्या घुमट-कमानींची मिसळच आहे. आपण त्याला 'जुनं' म्हणतो, कारण आपल्या जन्माआधीपासून ते तिथे आहे. न शोभणाऱ्या गोष्टीला शोभायला लावणारा मसाला एकच, तो म्हणजे पन्नास-साठ वर्षं. मेहुणे यावर म्हणाले, "तेवढी मुदत तुमची बँक देते का?"

नाही देत.

मग मी उलट बाजूचं उदाहरण शोधलं, म्हणजे हॉटेल परिसराला अगदी तंतोतंत शोभतं असं. त्यासाठी लांब जावं लागलं नाही. पिरंगुटवरून टेमघरचा घाट चढून पलीकडे उतरलं की मोसे खोरं. वरसगाव धरणाचा जलाशय, दासवे गाव, आणि त्या काठावर इटलीतल्या पोर्टोफिनो नावाच्या मच्छीमार गावावर बेतलेलं लवासा. पिवळ्या, भगव्या, विटकरी रंगांच्या कमानदार इमारती पाण्याच्या कडेने ओळीत उभ्या. त्यातली हॉटेलं इतकी शोभतात, की शेजारची इमारत हॉटेल आहे की फ्लॅट हे पाटी वाचल्याशिवाय कळू नये. ग्रेव्हज साहेबांचा हंस इथे कुठेही नाही. सगळं थीमबरहुकूम.

फक्त ही थीम आणि ते खोरं यांची ओळख कोणी करून दिली नव्हती. पोर्टोफिनोवर भूमध्य समुद्राचं ऊन पडतं. मोसे खोऱ्यावर जूनपासून जो कोसळतो, त्याला पाऊस म्हणणं हा त्याचा अपमान आहे. इटालियन पिवळ्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत मराठी शेवाळ चढतं. त्या जलाशयाचं सरकारी नाव वीर बाजी पासलकर जलाशय. बाजी पासलकर हे याच मोसे खोऱ्याचे देशमुख, शिवरायांच्या अगदी पहिल्या सोबत्यांपैकी. म्हणजे चाकणला किल्ल्याची थीम प्लास्टरने आणावी लागते, आणि जिथे अस्सल ऐतिहासिक नाव पाण्यावर तरंगत होतं, तिथे आम्ही इटली आणली! 'लवासा' हे नावही एका अमेरिकी कंपनीने घडवलेलं. त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही, त्यामुळे कुठल्याच भाषेत ते चुकीचंही ठरत नाही.

पुढचा भाग माझ्या खात्याचा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी मिळाली. पण वर्षभर थांबलेल्या प्रकल्पाचं व्याज थांबत नाही. व्याज हा जगातला सर्वांत नियमित कर्मचारी, ना रजा, ना संप. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. २०२३ मध्ये एका कंपनीची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली आणि पैसे वेळेवर न आल्याने २०२४ मध्ये ती रद्दही झाली. या सगळ्यात ज्यांनी घर घेऊन हप्ते भरले, ती माणसं तुमच्या-माझ्यासारखी. त्यांच्यातल्या एकाची फाइल मी दुसऱ्या कामासाठी पाहिली आहे. आत चकचकीत माहितीपत्रक होतं आणि त्यावर तळ्याकाठचा सूर्यास्त. तिथली वास्तू परिसराला शोभते की नाही, हा प्रश्न त्या गृहस्थाला कोणी विचारला असता, तर तो बहुधा हसला असता.

मेहुणे हे ऐकून थोडे गंभीर झाले. मी म्हटलं, चला, आता गोव्याला जाऊ. एलटीसीवर नव्हे, वहीतच.

गोव्यात आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये बांधला. आग्वाद म्हणजे पाणी भरण्याची जागा. जहाजं इथे गोडं पाणी भरून पुढे जायची. १९७४ साली ताजवाल्यांनी सिकेरीच्या बाजूच्या तटबंदीवरच हॉटेल उभारलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे पंतप्रधान दिल्लीतल्या परिषदेच्या मधेच गोव्याला विसाव्याला आले, त्या निमित्ताने त्या टेकडीवर आणखी बंगल्या चढल्या. म्हणजे मेहुण्यांच्या स्वप्नातलं हॉटेल खरोखर अस्तित्वात आहे, फक्त तिथला बुरूज प्लास्टरचा नाही. मेहुण्यांनी ताबडतोब 'बघ, बघ!' असं मुलीला सुनावलं. खऱ्या तटावर परकं हॉटेल चढवलं यात शोभलं काय, असं तिने विचारलं. दोघांचंही म्हणणं वहीत लिहून घेतलं.

पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वायंगिणीचा किनारा आहे. तिथलं 'सिदाद दी गोवा' हे हॉटेल चार्ल्स कोरियांचं, साधारण १९७८ ते ८२ या काळातलं. कोरिया म्हणजे नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांतले एक, मूळचे गोव्याकडचे. नावाचा अर्थ 'गोव्याचं शहर'. त्यांनी हॉटेलचं छोटं शहर केलं आणि भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारं, खोटी माणसं रंगवून घेतली. आपण दाराशी जावं आणि ती भिंत निघावी. थीम तर आहे, पण 'ही थीम आहे' असं ती स्वतःच डोळा मारून सांगते. मला हे फार आवडलं. प्लास्टरचा बुरूज शपथेवर सांगतो की मी दगड आहे. कोरियांची भिंत म्हणते, मी भिंत आहे आणि मला नकला येतात.

इथेच थांबलो असतो तर भाची जिंकली असती. पण मी बँकेतला माणूस. इमारत आवडली की पाठोपाठ तिचे कागद बघायची खोड. आणि कागदांत सापडला सर्वोच्च न्यायालयाचा २० जानेवारी २००९ चा निकाल.

झालं होतं ते असं. या हॉटेलसाठी सरकारने काही जमीन संपादन करून कंपनीला दिली, तेव्हा अट होती की किनाऱ्यावर जायची लोकांची वाट खुली राहील. पुढे हॉटेलचा विस्तार झाला, त्यावरून लोक कोर्टात गेले, आणि प्रकरण वर चढत चढत दिल्लीला पोहोचलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, समुद्रकिनारा सर्वांचा, वाट सर्वांची, वाढीव बांधकाम पाडा. यावर राज्य सरकारने काय करावं? त्याच वर्षी वटहुकूम काढून कायदाच बदलला, आणि मग तो कायदाही कोर्टाच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता गंमत बघा. या एवढ्या मोठ्या भांडणात हॉटेलचा रंग कसा, ढंग कसा, गोव्याच्या परिसराला ते शोभतं की नाही, याचा काही संबंध नव्हता. कोरियांच्या मूळ वास्तूबद्दल तक्रार नव्हती. भिंतीवर रंगवलेल्या खोट्या दाराबद्दलही नव्हती. भांडण होतं ते जाळी घेऊन समुद्रावर जाणाऱ्याने, किंवा पोराला पाण्यात पाय बुडवायला नेणाऱ्याने, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या एका वाटेबद्दल.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा जेवणं झाली होती. मेहुणे सुपारी कातरत होते, त्यांचा हात थांबला.

"दाजी, तुमच्या अर्जात थीमबद्दल काय विचारतात?"

मी म्हटलं, काही नाही. अर्जात थीमचा रकाना नाही. बुरूज गोल की चौकोनी, काँक्रीट उघडं की प्लास्टर केलेलं, यावर बँकेचं काहीही मत नसतं. पण आमचे पॅनलवरचे वकील सर्च रिपोर्ट काढतात. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' बघतात आणि गाव नकाशावरची तुटक रेघ बघतात. तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट.

सौभाग्यवतींनी इतका वेळ एक शब्द काढला नव्हता. आता त्या भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "दादा, आपल्या बांधावरून भैरोबाकडं जाते ती वाट रे. आई त्याच वाटेनं नैवेद्य न्यायची. आता पलीकडच्या वस्तीतली पोरं कंपनीच्या बसला त्याच वाटेनं जातात, सकाळच्या शिफ्टला."

मेहुण्यांनी उठून कपाटातून नकाशा काढला. ती रेघ होती. भाचीने आपला आराखडा त्याच्या शेजारी पसरला आणि दोन्ही कागद दिव्याखाली सरकवले. वडिलांच्या आराखड्यात वाट नगारखान्याच्या पोटातून जात होती, तिच्या आराखड्यात स्विमिंग टँकमधून. बराच वेळ कोणी कुणाकडे बघितलं नाही. मग तिने पेन्सिल काढली, मोजपट्टी लावली.

"माझं हॉटेल जमिनीपासून दहा फूट वर आहे," ती म्हणाली. "वाट खालून जाऊ शकते. टँक तेवढा उजवीकडे घ्यावा लागेल."

मेहुण्यांनी चष्मा पुसून पुन्हा तो कललेला कंटेनर पाहिला. खालून जाणारी तुटक रेघ पाहिली.

"सकाळी सहाची शिफ्ट असते पोरांची," ते म्हणाले. "खाली रात्रभर दिवा पाहिजे. आणि एक बुरूज तरी दे गं, एकच. कोपऱ्यात."